मागल्या दारचे बोंबील

यंदाच्या मे महिन्यात मी आईला घेऊन दोन दिवस वसईला जाऊन आले. लोक विचारतात, काय काय बघितलं? किल्ला बघितला, बंदर बघितलं, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील बघितले. पण खरं सांगायचं तर मी काही बघायला गेलेच नव्हते. आईनं पोटभर जेवावं, एवढ्यासाठी गेले होते. आणि निघतानाच इतकी दमलेली होते की गाडीत बसल्या बसल्या मला परतीचे वेध लागले.

दमणूक वर्षभराची होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शिकवते म्हणायचं आपलं. यंदा पोरांपेक्षा कागदच जास्त हाताळले. मतदारयाद्या झाल्या, कसलीशी पाहणी झाली, तिच्यात चुका निघाल्या म्हणून फेरपाहणी झाली, आणि उरलेल्या वेळात दुसरीच्या वर्गाला जोडाक्षरं. माझं घर आटगावला. आईचं घर शेणव्याच्या पुढं, आमच्या गावात. भाऊ नाशिकला कारखान्यात आहे, तो सणावाराला येतो. त्यामुळं भाद्रपदात बाबा गेले तेव्हापासून शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी थेट गावाला, आणि आठवड्याचे बाकीचे दिवस फोनवर. फोनवर विचारायचं एकच. जेवलीस का?

ती हो म्हणायची आणि मला कळायचं की नाही जेवली. शनिवारी जाऊन बघावं तर भाताच्या टोपाला वरचा पापुद्रा तसाच. सकाळी वाटीभर पेज, दुपारी चार घास भात, रात्री काही नाही. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. विहिरीवरून दोन कळश्या आणणारी बाई एका कळशीवर आली आणि मग तीही शेजारणीनं आणून द्यायला लागली. शहापूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण अशाच राहिल्या तर पावसाळा काढणं कठीण जाईल, यांना अंडी द्या, मासे द्या. मी म्हटलं, देते. देणं सोपं होतं, तिनं खायला पाहिजे होतं.

ज्या बाईला मासे खा म्हणून विनवण्या करायची वेळ आली, ती एके काळी कशी होती ते सांगायला हवं. माझी आई मुरबाडकडची, काळू नदीच्या काठची. तिच्या माहेरी मासे ही काही खास गोष्ट नव्हती, ती रोजची होती. लग्न होऊन आमच्याकडं आल्यावर नदी सुटली, पण शहापूरच्या आठवडी बाजारातून ती पिशवीभर सुकं आणायची. बोंबील, जवळा, कधी मांदेली. बाजारातली सुक्याची ओळ लांबून दिसली की तिची चाल बदलायची. भाजलेला बोंबील ती भाकरीवर ठेवून असा खायची की बघणाऱ्याला भूक लागावी.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बाबांनी माळ घातली. गावातल्या भजनी मंडळातले एकेक जण माळकरी होत गेले, त्यात बाबाही झाले. माळ घातली की मासे-मटण बंद, आणि नुसतं खाणंच नव्हे तर घरात त्याचा वाससुद्धा नको. आईनं माळ घातली नाही. तिनं स्वच्छ सांगितलं होतं की मला झेपायचं नाय. मग आमच्याकडच्या अनेक घरांत करतात तशीच सोय आमच्याकडं झाली. घरामागं, न्हाणीच्या पलीकडं, जांभळीच्या झाडाखाली तीन दगडांची वेगळी चूल मांडली. त्या चुलीची भांडी वेगळी. एक टोप, एक तवा, एक थाळी. ती कधीच घरात यायची नाहीत. न्हाणीच्या भिंतीवर पालथी घातलेली असायची. आई तिथंच शिजवायची, तिथंच बसून खायची, राखेनं हात घासून, चुळा भरून मग घरात यायची. चोवीस वर्षं.

मला याचा भयंकर राग यायचा. मी माहेरी गेले की आईबरोबर त्या चुलीपाशी बसायचे, आणि बाबा तेव्हा पुढल्या पडवीत असायचे, आमच्याकडं फिरकायचेही नाहीत. उन्हात, पालापाचोळ्यात, कोंबड्या हाकत जेवायचं म्हणजे काय? घर तिनं सारवायचं, तिनं लोटायचं आणि जेवायला मात्र बाहेर. एका दिवाळीला माझा तोल गेला. भाऊ, भावजय, माझा नवरा, सगळे बसलेले असताना मी बाबांना म्हणाले की तुम्ही माझ्या आईला कुत्र्यासारखं मागल्या दारी जेवायला लावता. बाबा उपरणं खांद्यावर टाकून उठून गोठ्याकडं गेले. आई मला म्हणाली, "उगा बोललीस." मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेते आहे. सगळ्याच घेतात.

बाबा गेले, तेरावं झालं, आणि मी पहिलं काम काय केलं असेल तर ती चूल मोडली. दगड उचलून कुंपणाला लावले. राख भरून परसात टाकली. टोप, तवा आणि थाळी चिंचेनं घासून घरात फळीवर मांडली. भावाला सांगितलं, आता आईनं बाहेर बसायची गरज नाही. तोही बरं म्हणाला. आई पडवीत खांबाला टेकून बसली होती, ती बघत होती. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटला होता.

त्यानंतर आईनं मासा तोंडात घातला नाही. मी बोंबील आणले, गॅसवर भाजले, ती म्हणाली घरात वास भरला. जवळा कांदा घालून परतला, ती म्हणाली नको गो, तुमी खा. आटगावला माझ्या घरी आणून चार दिवस ठेवली तर म्हणाली, इथं गिळवत नाय. मी चिडायचे. माझं म्हणणं एवढंच होतं की माणूस गेला तरी त्याचा कायदा अजून घरात चालतो आहे. मनातल्या मनात मी बाबांशी भांडायचे. मेलेल्या माणसाशी भांडायला फार दम लागतो, तो पलीकडून काही बोलत नाही.

वसईची कल्पना माझ्या मैत्रिणीची. ती आमच्या शाळेत नऊ वर्षं होती, शहापूरला खोली घेऊन राहायची, मग बदली मिळून स्वतःच्या गावाकडं गेली. वसईची ख्रिस्ती. त्या नऊ वर्षांत तिच्या डब्यातली कोळंबी मी किती खाल्ली त्याला गणती नाही. मी फोनवर आईचं रडगाणं गात होते, तर ती म्हणाली, इकडं घेऊन ये. बंदरावरचा ताजा बोंबील खाल्ला नाही अशी बाई मी अजून बघितली नाही. माझी सासू करील सगळं, तिला माणसं जेवायला घालायची हौस आहे.

ओला बोंबील आईनं आयुष्यात कधी खाल्ला नव्हता. आमच्याकडं येईपर्यंत तो सुकलेलाच असतो. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं जरा मान वर केली आणि विचारलं, "लोण्यासारखा असतो म्हणतात, खरं का?" तेवढ्यावर मी ठरवून टाकलं.

गावातल्या एकाची इको गाडी सांगितली. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचं काम उरकलेलं होतं, शेतं काळी दिसत होती, आणि मला कळत होतं की आई खिडकीतून दुसऱ्यांची शेतं बघत बघत मनात आपलीच बघते आहे. भिवंडीच्या पुढं ट्रकांच्या रांगेत आम्ही दीड तास उभे होतो. धूळ, ऊन, हॉर्न. आईच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत आमच्या शेतातला तांदूळ, कैऱ्या आणि पानात बांधलेली करवंदं. कोणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही, हे तिचं पक्कं. मी म्हटलं, पिशवी खाली ठेव. ठेवली नाही.

घर छान होतं. कौलारू, पुढं व्हरांडा, मागं विहीर, केळी, चिकूचं झाड. मैत्रिणीची सासू आईच्याच वयाची, पण अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. तिनं तांदूळ हातात घेऊन बघितला, वास घेतला आणि उद्या हाच शिजवते म्हणाली. आई खूश झाली. दोघी व्हरांड्यात बसून भाताच्या जातींबद्दल बोलल्या. मला वाटलं, आता जमलं.

संध्याकाळी मैत्रीण आम्हाला बंदरावर घेऊन गेली. होड्या लागलेल्या होत्या, आणि किनाऱ्यावर बांबूंच्या उभ्या-आडव्या चौकटींवर बोंबील जोडीजोडीनं लटकवलेले होते, तोंडात तोंड अडकवून. आई त्या ओळींच्या मधून चालली. किती दिवस लागतात, वारा कुठला लागतो, दव पडलं तर काय करता, असं सगळं तिनं तिथल्या एका बाईला विचारलं. आयुष्यभर ज्याचं टोक बाजारात बघितलं त्याचं मूळ बघायला मिळालं म्हणून असेल, तिचा चेहरा उजळला होता. एक अर्धवट सुकलेला बोंबील तिनं बोटांनी चेपून बघितला आणि बोटं नाकाशी नेली. आठ महिन्यांत मी तिला कशाचा वास घेताना बघितलं नव्हतं.

रात्री जेवायला पापलेटचं कालवण होतं. टेबलावर बसल्यावर आई म्हणाली, गाडीनं पोट ढवळलंय, मला दहीभात पुरे. मैत्रिणीच्या सासूबाईंनी आग्रह केला, मग सोडून दिला. मी आईच्या शेजारी बसून पापलेट खाल्लं, आणि मला त्याची चव लागली नाही. झोपताना मी तिला विचारलं की बरं नाही का? ती म्हणाली, बरं आहे. मी कूस बदलली. आणखी विचारायचं त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यात गेलो. मैत्रिणीचं म्हणणं, ऊन चढायच्या आत बघून येऊ, पण मे महिन्यात ऊन चढायच्या आत असं काही नसतं. आत पोर्तुगीजांची पडकी चर्च आहेत. भिंती उंच, कमानी धड, वर आभाळ. आई एका चर्चच्या मधोमध उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन वर बघत.

"छप्पर कुठं गेला?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, पडलं, लढाई झाली, सोडून गेले लोक. ती म्हणाली, एवढ्या भिंती उभ्या आणि छप्पर घालायला कोणाला टाइम नाय. मग जमिनीवरचा पाला पायानं बाजूला सारत ती सहज म्हणाली की इथं चूल मांडली तर चालली असती, वर मोकळं आहे. मैत्रीण हसली. मीही हसले. मला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. तिनं मला सगळं सांगून टाकलं होतं आणि मी मोबाइलवर कमानींचे फोटो काढत होते.

दुपारी घरी आलो तर स्वयंपाकघरात पहाटेपासूनचा उद्योग. ओल्या बोंबलाचं आंबट-तिखट कालवण, बाटलीतला लाल मसाला लावून तळलेले बोंबील, कोळंबी, आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे, आणि आमच्या तांदळाचा भात. सासूबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी स्वतः आईचं ताट वाढलं. तळलेले दोन बोंबील, पिवळेधमक, कडेनं कुरकुरीत. म्हणाल्या, बोट लावून बघा, आत नुसतं लोणी आहे.

आईनं ताटाकडं बघितलं. मग आमच्याकडं बघितलं. घास घेतला नाही. आम्ही सगळ्या तिच्याकडं बघत होतो, सासूबाई तर हातात डाव घेऊन उभ्याच होत्या. आई खुर्चीवरून उठली, ताट उचललं, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेतला आणि मागच्या दारानं बाहेर गेली.

बाहेर ताट दगडावर टेकल्याचा आवाज आला.

सासूबाईंनी डाव भांड्यात ठेवला. त्यांचा खणखणीत आवाज खाली आला होता. "आमच्या टेबलावर जेवण चालत नसेल त्यांना," त्या म्हणाल्या. "पूर्वी लोक आमच्याकडचं पाणीसुद्धा घेत नसत. मला वाटलं होतं, आता ते दिवस गेले."

मैत्रीण माझ्याकडं बघत राहिली. नऊ वर्षं एकाच डब्यात जेवलेलो आम्ही. मी म्हणाले, तसं नाही हो, तसं अजिबात नाही. पण मग कसं, ते मला सांगता येईना. मला एकदम इतका थकवा आला की तिथंच टेबलावर डोकं टेकून झोपावंसं वाटलं. आणि त्या थकव्यातूनच राग वर आला. मी मागच्या दारी गेले.

आई विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर बसली होती. चिकूची सावली अर्धी तिच्यावर, अर्धी ताटावर. ताट तसंच होतं. मी जितकं हळू बोलता येईल तितकं हळू, पण दातओठ खात बोलले. म्हणाले, त्या बाईनं पहाटेपासून चुलीपुढं उभं राहून केलंय. तिला वाटतंय तू त्यांना कमी लेखतेस. बाबांनी तुला बाहेर काढलं, ते गेले, मी चूल मोडली, तरी तू आपली बाहेरच. आता कोणासाठी? कोण बघतंय तुला?

आई कालवणाकडं बघत म्हणाली, "कोण नाय बघत. तेच तर."

मला कळलं नाही. मी उभीच होते. मग ती सांगायला लागली. खाली बघून, बोटानं ताटाची कड पुसत पुसत.

"मी जेवाया बसली का तुजा बाबा येऊन बसायचा," ती म्हणाली. "तिकडं, जांभळीच्या पलीकडं. माझ्याकडं पाठ करून. माळकरी ना. बघायचा नाय. वास यायचा तं उपरणं नाकाला लावायचा. पण उठायचा नाय. माझा होवस्तवर दोरी वळत बसायचा."

मी म्हटलं, बाबा? कधी? मी आले तेव्हा तर कधी बसले नाहीत.

"तू आलीस का तू बसायचीस ना माझ्यासंगं. मग तो कशाला येईल? लाजायचा."

चोवीस वर्षं. ती सांगत होती ते मी ऐकत होते आणि डोळ्यांपुढं पडवीतले बाबा येत होते, मी माहेरी आले की पुढल्या पडवीत एकटेच बसलेले. घरात काय बोलायचं, आई म्हणाली, घरात सगळं पावसाचं, बियाण्याचं, बैलाच्या पायाचं. आजी होती तोवर तर तेही नाही. मागं बसल्यावर मात्र दुसरं बोलायचं. भजनात कोण कसा बेसूर गातो. माझ्या पोरीचं नाक कोणावर गेलं. आपण दोघांत आधी कोण जाईल. तो पाठ करून बोलायचा म्हणून मग काही पण बोलायचा, ती म्हणाली. समोर तोंड करून त्याला कधी बोलता आलं नाही.

"आनि दर वेळला सांगायचा, काटा बघ," आई म्हणाली आणि तिच्या तोंडाच्या कडेला किंचित हसू आलं. "जवला खाताना पन. जवल्याला कुठं काटा असतो? पन त्याला दिसायचा नाय ना ताटात काय हाय तो. मग आपला एकच. काटा बघ."

मी दगडाच्या कडेवर बसले. दिवाळीत सगळ्यांसमोर बाबांना जे बोलले होते ते जसंच्या तसं माझ्या कानात परत वाजलं. कुत्र्यासारखं. त्यांनी तेव्हा सांगितलं असतं तर? पण काय सांगणार? पोरीला, जावयाला, सुनेला कोणत्या तोंडानं सांगणार की मी रोज दुपारी बायकोकडं पाठ करून बसतो, तिचं जेवण होईपर्यंत? ते उपरणं टाकून गोठ्याकडं गेले. आणि पुढच्या दुपारी, मी आटगावला परत गेल्यावर, बहुतेक पुन्हा जांभळीपाशी जाऊन बसले असतील. मी आईला तेही विचारलं नाही. माझ्यात हिंमत नव्हती.

चुलीचं मात्र विचारलं. म्हटलं, मी दगड उचलले तेव्हा बोलली का नाहीस?

"तू एवढी घाम गाळून करीत होतीस," ती म्हणाली. "आनि ठेवली असती तरी काय? एकलीला तिथं बसवलं असतं का?" मग म्हणाली, "घरात तं नायच बसवत. घरात मासा खाल्ला नाय मी त्याच्या माळेपासून. आता तो नाय म्हनून खायाचा, असं बरं दिसत नाय."

मागच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या कधी आल्या, किती ऐकलं, मला माहीत नाही. हातात तवा होता, तव्यावर नुकता तळलेला एक बोंबील. त्या खाली आल्या, आईच्या ताटातला गार झालेला बोंबील त्यांनी काढून घेतला आणि हा गरम तिथं ठेवला. आईनं वर बघितलं. सासूबाई आत गेल्या आणि मागचं दार उघडंच राहू दिलं, आणि त्यांनी आत सुनेला काही तरी सांगितल्याचं मला ऐकू आलं, पण शब्द कळले नाहीत. सुनेनं खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. त्या जेवायला बसल्या असाव्यात.

आईचं ताट समोर होतं. मी तिच्या तोंडाकडं बघत बसले होते, डॉक्टरसारखी, आता खाईल, आता खाईल. आठ महिने मी हेच करत होते. तिनं बोंबलाला हात लावला आणि परत काढला.

"तू तिकडं तोंड करून बस गो," आई म्हणाली.

मी उठले. चार पावलं चालून केळीपाशी गेले आणि तिच्याकडं पाठ करून मातीवर बसले. समोर केळीचे बुंधे, त्यांच्यामधून जाणारा पाण्याचा पाट, त्यात एक फुटकी बादली. हाताला काही काम नव्हतं. मी वाळलेल्या केळीच्या पानाची एक धांदोटी फाडली आणि वळायला लागले. वळता येत नव्हती. बाबांनी लहानपणी शिकवायचा प्रयत्न केला होता, मी कंटाळले होते.

मागून काही आवाज येईना. काय बोलावं ते मला सुचेना. घरात मी तिच्याशी औषधाचं बोलायचे, जेवलीस का एवढं बोलायचे. मग मी आमच्या शाळेतलं सांगायला लागले. मुख्याध्यापकांनी फेरपाहणीचे कागद उंदरांनी खाल्ले म्हणून कसं लिहून दिलं ते. माझा नवरा हल्ली झोपेत बडबडतो ते. आणि मग, ती बघत नव्हती म्हणून की मी बघत नव्हते म्हणून कोण जाणे, मी म्हणाले की मला फार दमल्यासारखं झालंय, आये. शनिवारी गावाला येताना शेणव्याच्या थांब्यावर उतरले की कधी कधी वाटतं, तसंच बसून राहावं. तू दार उघडशील की नाही या भीतीनं पाय पुढं पडत नाहीत.

मागून ती म्हणाली, "मला ठाव हाय."

एवढंच. मग बोटं चाटल्याचा आवाज आला. मग भात कालवल्याचा. मी मान वळवली नाही. पानाची धांदोटी तुटली, मी दुसरी घेतली. चिकूच्या झाडावर कावळा येऊन बसला, आईनं त्याला हाड केलं, आणि तिच्या आवाजात घास होता.

"काटा बघ," मी म्हणाले.

ती थांबली. मग तोंडातला घास गिळून म्हणाली, "बोंबलाला कुठं काटा असतो गो?" आणि मग नेहमीच्या आवाजात, जशी ती पूर्वी मला चुलीपाशी बसून हाक मारायची तशी, "जा, जरा भात आन."

मी उठले. भात आणायला तिच्या शेजारूनच जायचं होतं. ताटात किती उरलं होतं ते मी बघितलं नाही, विहिरीकडं बघत आत गेले.